नळाजवळची फरशी

त्याला सगळे टकटक मिस्त्री म्हणत. घराबाहेरची दगडी कामं, म्हणजे अंगण, बागेतली पायवाट, झाडाखालचा कट्टा, एवढंच तो करी. घरातली फरशी बसवायला बोलावलं तर म्हणे, "त्याला दुसरा बघा. माझा दगड उन्हापावसातला." काम संपलं की हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक दगड वाजवून बघे. भरीव बसलेला दगड ठक्क वाजतो. खाली पोकळी राहिली असेल तर रिकाम्या डब्यासारखा. एका नातेवाइकाच्या नव्या घरी पाहुणा म्हणून गेला असतानाही त्याने अख्खं अंगण वाजवून काढलं आणि "सतरा पोकळ आहेत" असं पानावर बसायच्या आधीच सांगून टाकलं. "निदान हात धुतल्यावर सांगायचं," बायको घरी येताना म्हणाली होती.

बायको कामावर बरोबर असे. वाळू चाळणं, सिमेंट-वाळूचा माल कालवणं हे तिचं खातं. पाणी ती मोजत नसे. मालाची मूठ वळायची, उघडायची, गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला नाही की म्हणायची, "घ्या." बावीस वर्षांत तिचा माल कधी बिघडला नव्हता.

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या अंगणाचं काम चार दिवस चाललं. शेवटच्या संध्याकाळी नळाजवळची एकच फरशी राहिली होती आणि घमेल्यात माल उरला होता अर्धाच. बायको चाळण धुऊन फाटकाशी उभी होती. तिला हाक मारायची म्हणजे माल होईपर्यंत उठायचं आणि पुन्हा गुडघे टेकायचे. गुडघे त्याचे वर्षभरापासून गेले होते, पण हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. खाली बसता येत नाही असा मिस्त्री कुणाला हवा असतो? त्याने चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवले, त्यातही चौथ्या कोपऱ्याला जेमतेम चिमूटभर, आणि वर फरशी दाबून बसवली. याच कामचुकारपणासाठी त्याने पूर्वी दोन माणसांना हाकललं होतं. मग सगळं अंगण वाजवलं. ती फरशी सोडून.

"ती एक राहिली," बायको म्हणाली.

"झाली," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी ती फरशी डुगडुगायला लागली. झारी भरून वळताना बाई तिच्यावरून घसरून कुंडीवर पडल्या आणि मनगट मोडलं. निरोप मिळताच दोघं धावत गेली. हात गळ्यात अडकवलेल्या बाई रागावल्यासुद्धा नाहीत. "मिस्त्री, तुमचं काम आणि असं?" एवढंच म्हणाल्या.

"माल पातळ झाला असणार," तो बोलून गेला. "ही कालवते."

बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फुटलेल्या कुंडीची खापरं गोळा करायला लागली. कुंपणापलीकडे शेजारचे वकील उभे होते. त्यांनी ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात वकिलांनी पायवाटेचं काम दिलं. "तुम्हीच या," ते म्हणाले, "फक्त माल दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. वहिनींना वाईट वाटू देऊ नका." पुढच्या दोन घरांनीही तेच सांगितलं. बायको घरी बसली. रोज डबा भरून द्यायची, कामाचं काही विचारायची नाही. चाळण तिने खुंटीला अडकवून ठेवली. माल करायला त्याने एक माणूस धरला. त्याचा माल खरोखरच पातळ असे. मिस्त्री रोज ठरवी, आज घरी जाऊन बोलायचं. घरी गेला की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपे.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर बाईंनी ती फरशी पुन्हा बसवायला बोलावलं. "दोघं या," असं बजावून. सामान घेऊन दोघं गेली तर बाईंनी कपाटातून एक नवंकोरं, रेघा आखलेलं प्लास्टिकचं मापाचं भांडं आणलं आणि बायकोच्या हातात दिलं.

"हे बघ, पाणी या रेघेपर्यंत घ्यायचं. चूक कुणाचीही होते गं. माझ्या शाळेतल्या मुलीसुद्धा मापानं शिकायच्या."

"हो, बाई," बायको म्हणाली. तिने भांडं दोन्ही हातांनी घेतलं.

तो नळाजवळ गेला, पहार घातली आणि फरशी उलटी केली. तीन कोपऱ्यांना आणि मध्ये मालाचे गोळे दगडाला लोखंडासारखे धरून होते. चौथा कोपरा कोरडा, त्यात मुंग्यांनी घर केलेलं.

"बाई, माल हिचा चांगला होता," तो फरशीकडे बघत म्हणाला. "माल सगळीकडे पसरायचा असतो. मी नुसते गोळे ठेवले. आणि नाव हिचं घेतलं."

बाई बायकोकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"यांनी ती वाजवली नाही, तेव्हाच कळलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"ज्यानं बसवली त्यानं बोलायला नको?"

बाईंनी भांडं परत घ्यायला हात पुढे केला. बायकोने दिलं नाही. तिने वाळू ओढली, माल कालवला, मूठ वळून उघडली. "घ्या." तो गुडघ्यांवर बसला. तोंडातून कण्हणं निसटलं, ते तिने पहिल्यांदाच ऐकलं. सिमेंटचं रिकामं पोतं दुमडून तिने त्याच्या गुडघ्यांखाली सारलं. फरशी बसल्यावर मात्र हातोडी तिने स्वतः घेतली आणि चारही कोपरे वाजवले.

"आता वकिलांकडे जाऊन या. अंगणातच आहेत."

"संध्याकाळी जातो."

"आत्ता. त्यांच्यापुढे अजून दोन घरं आहेत." तिने मापाचं भांडं त्याच्या हातात दिलं. "हे न्या. कशाबद्दल बोलताय ते कळेल त्यांना."

भांडं छातीशी धरून तो लंगडत पलीकडच्या फाटकाशी गेला.

"हे काय आणलंत, मिस्त्री?" वकील म्हणाले.

"साहेब, त्याचं असं झालं," त्याने घसा खाकरला, "वर्षभरापासून माझे गुडघे..."

"गुडघ्यांपासून नको," कुंपणाच्या अलीकडून बायको म्हणाली. "फरशीपासून सांगा."