गाव कोणतं?

तात्यापारा चौकात माझ्या पोह्याच्या ठेल्यावर तो रोज सकाळी येते. कारखान्यातल्या ठेकेदारांसाठी मजूर आणणं हा त्याचा धंदा. खेड्यातून आलेली माणसं बसमधून उतरली की इथंच त्याची वाट पाहत बसतात. तो एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून पहिले गावच विचारते, "कोन गाँव के हस जी?" इतक्या मायेनं, की मले वाटे, माणसं जपणारा आहे.

ठेकेदारही चहा पिता पिता त्याची तारीफ करत. "याचे मजूर कधीच गडबड करत नाही. एजंट असा पाहिजे."

काहून करत नाही, ते मले मागच्या हप्त्यात समजलं. बस्तरकडच्या दोन जावा आल्या होत्या. धाकटीले फक्त घरची बोली येत होती, तिच्या वाटचं सगळं मोठीच बोले. यानं गाव विचारलं, हसला, अन् दोघीले दोन वेगळ्या गाड्यांत बसवाले लागला. धाकटी मोठीचा पदर सोडेना. यानंच तिची मूठ उघडली.

मी झारा आपटला. "राहू द्या ना सोबत, भैया! ती तिथं बोलन कोणाशी?"

"नहीं बोलेगी, इसीलिए तो, दीदी. एक गाँव के दो आदमी एक साइट पे मैं देता ही नहीं. मिल जाते हैं, फिर मुँह खोलते हैं. ठेकेदार को यही पसंद है."

दोन्ही गाड्या गेल्या. पोह्यावर शेव टाकून घेत त्यानं पहिल्यांदाच मले विचारलं, त्याच मायेनं, "वैसे दीदी, आपका गाँव कौन सा?"

मी त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली.