वेंकोजीरावांचा हात

वेंकोजीराव आमच्या मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे मदतनीस होते. पणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार, आणि हे काचेच्या नळ्या सांभाळायचे. शिकवायची मी, पण मुलींना समजायचं ते त्यांच्याकडून. हे कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

एक प्रयोग तर त्यांचाच. यीस्ट, साखर आणि मेथिलीन ब्लू नळीत घालून ते ती तळहातात धरून बसायचे. उबेनं यीस्टला तरतरी यायची आणि थोड्या वेळात निळा रंग उडायचा. "यीस्टमधलं को-एन्झाइम साखरेतले हायड्रोजन, इलेक्ट्रॉन उचलतं, ते रंगाला पोचतात," असं मी सांगायची. मुली जांभया द्यायच्या.

"एवढंसं को-एन्झाइम सगळ्या साखरेला कसं पुरतं?" एकदा जयलक्ष्मीनं विचारलं.

वेंकोजीराव म्हणाले, "ब्राह्मणांच्या अग्रहारातल्या पंगतीत भातावरच्या सारूच्या बादल्या चारच, पानं दोनशे. बादली रिकामी झाली की परत चुलीकडं, गोत्ता, कळलं? पानावर कुणी घेतलंच नाही, तर वाढपी भरली बादली घेऊन उभा, आणि चुलीवरचं सारू तिथंच."

त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही.

१९३८ साली मात्र रंग उडेना. तीन दिवस प्रयत्न झाले. चौथ्या दिवशी त्यांनी निवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

"हात थरथरतो, अम्मा. नळी हलते, हवा मिसळते, रंग परत निळा. आता माझं इथं काय काम?"

त्यांची बायको गिरिजाबाई जाऊन वर्ष झालं होतं. म्हैसूरमधल्या नजरबादच्या घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. मला त्या अर्जाचा भयंकर राग आला. एवढ्यासाठी जायचं कशाला, म्हणून मुलींसमोरच तांब्याभर कोमट पाणी मागवून मी नळी त्यात उभी केली. दहा मिनिटांत रंग गेला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वेंकोजीराव हात पाठीमागे घेऊन उभे होते. आपण काय करून बसलो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी नळी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या."

"हलेल, अम्मा."

"हलू द्या."

त्यांनी घेतली. वरून खाली निळाई उतरत गेली.

"हे कसं झालं, सर?" जयलक्ष्मीनं विचारलं. त्यांना सर म्हणणारी ती पहिलीच.

त्यांनी नळी उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "रंगाला पोचलेले इलेक्ट्रॉन हवेनं घेतले, मगा, पोरी. रंग मोकळा झाला. को-एन्झाइम आणून देईल ते आता परत घेईल."

मुली खाली माना घालून लिहीत होत्या. वेंकोजीरावांनी अर्ज परत घ्यायला माझ्यापुढे हात केला. मी अर्ज देऊन टाकला. मला रडू फुटत होतं, म्हणून लिहीत बसलेल्या मुलींवरच मी ओरडले, "वह्या काढा!"