बाईंची तांबडी वाळू

मुख्याध्यापकांसमोर बसून बोलणं बाईंना मान्य नव्हतं. खुर्ची दिली तरी उभ्याच. म्हणायच्या, "बसलं की माणूस हळूहळू हो म्हणायला लागतो." उंची जेमतेम, आवाज मात्र खणखणीत. दुबईत माझ्या मुलीला, सईला, त्या भूगोल शिकवायच्या आणि आमच्याच डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत एकट्या राहायच्या.

शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची. त्यात इंग्लंडमधल्या श्रॉपशायर काउंटीची भूरचना होती. बाई इंग्लंडला कधी गेल्या नव्हत्या. पण श्रॉपशायरचा विषय निघाला की माहेरच्या गावाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. "आज तिथे हिरवी कुरणं आहेत. पण फार पूर्वी तिथे उबदार समुद्र होता, पोवळी होती. पुढे वाळवंट झालं, अगदी इथल्यासारखं. त्या वाळूच्या टेकड्यांचाच आता तांबडा खडक झालाय."

पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, हे शिकून पुढे स्कोप काय?"

"पायाखाली काय आहे ते कळतं," बाई म्हणाल्या. "तेवढा स्कोप पुरे."

व्हिडिओ दाखवा, सहल नको, असा शाळेचा हुकूम आला. बाईंनी सुट्टीच्या दिवशी, पालकांना बरोबर घेऊन, मुलांना वाळवंटात नेलंच. रास अल खोरच्या माझ्या गोदामातली फावडी आणि पाण्याचे कॅन मीच पिकअपमध्ये टाकले होते. बाईंनी तांबड्या टेकडीच्या उतारावर पाणी ओतलं, पदर खोचला आणि ओली वाळू फावड्याने उभी कापली. आत एकावर एक तिरपे थर दिसले. शेजारी त्यांनी श्रॉपशायरच्या खडकाचा फोटो धरला.

"मिस, सेम लाइन्स!" सई ओरडली.

"मग! तिथेही वाळूच होती आणि वाराच होता. रेघा वेगळ्या कशा येतील?"

शाळेला कळलं. माफी लिहून द्या, नाहीतर करार वाढणार नाही. नोकरी गेली की व्हिसाही गेला. घाबरलो मीच. माफीच्या दोन ओळी टाइप करून त्यांच्या घरी गेलो. "बाई, फक्त सही करा. खलास."

त्यांनी लाल पेनने माझ्या इंग्रजीतल्या चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. "आता मजकूर शुद्ध आहे. पण मुलांना वाळू दाखवल्याची माफी मी मागणार नाही."

एअरपोर्टवर सोडायला आम्ही तिघं गेलो. बॅग वजनात बसेना. निम्मी दगडांनीच भरलेली. काउंटरवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, पत्थर निकालने पडेंगे."

बाईंनी तिथेच फरशीवर बॅग उघडली, घडीच्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि माझ्या बायकोच्या हातांवर रचल्या.

"अहो बाई, साड्या कशाला काढताय?"

"साड्या कोल्हापुरातही मिळतात," बाई म्हणाल्या. चेन ओढली आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली.