वरातीची मोटार

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, त्याबद्दल माफी असावी.

परवा सून मला जुन्या मोटारींचं छोटं संग्रहालय बघायला घेऊन गेली. एका काळ्या मोटारीपाशी तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि माझे पाय थांबले. अशाच मोटारीतून माझी वरात सासरी, मंगळवार पेठेत आली होती.

वरातीला मोटारच पाहिजे, असा सासरचा हट्ट होता. मी शालूत घामाघूम होऊन मागं बसले होते. चुलतसासऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांदेखत विचारलं, "पावणं, भाडं तुमच्याकडंच हाय न्हवं?"

"व्हय की," माझे वडील, आप्पा म्हणाले.

"मग तुम्ही या चालत. आत जागा न्हाय."

मोटार सुटली. आप्पा धुरात हात जोडून उभे होते. तेव्हा मला वाटलं, केवढं मोठं सासर मिळालं.

"आत्या, टेकून उभ्या राहा की, फोटो काढते," सून म्हणाली. मी नको म्हटलं.

भाड्यासाठी आणि मानपानासाठी आप्पांनी इचलकरंजीच्या आपल्या यंत्रमाग मालकाकडून पगारावर उचल घेतली होती. दुहेरी पाळ्या करून त्यांनी ती पुरती फेडली, तेव्हा माझी थोरली शाळेत जायला लागली होती.