उतरलो तरी पाटे दबलेलेच

आज माझ्या नावापुढे बी. ई. लागतं ते उत्तमदाजींमुळे. उत्तमदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. वडील गेल्यावर त्यांनीच मला फर्दापूरला घरी ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या गाड्या चालवून शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणू नये.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... मेकॅनिकलचा माणूस मी. लोखंड वाकलं म्हणजे त्यावर वजन आहे, एवढं साधं गणित.

या महिन्यात दाजींनी स्वतःची पहिली गाडी घेतली – जुनी पिकअप. मागून पार बसलेली. मी चितेगावला कंपनीत आहे, म्हणून ते गाडी घेऊन माझ्याकडे आले. पैठण रोडवरच्या रफिकभाईंच्या गॅरेजला आम्ही ती लावली. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला की मागची बाजू उचलली जाते. दुपारी काम झालं, गाडी चांगली चार बोटं वर आली. दाजी कौतुकाने तिच्याभोवती फिरत होते.

आमच्याकडे नव्या पाट्यांवर पहिलं वजन मालाचं टाकत नाहीत, घरच्या माणसाला बसवतात.

"बस गजा," दाजी म्हणाले. "कंपनीचं जेवून घरातलं जड माणूस आता तूच."

मी मागच्या उघड्या हौद्यात चढून बसलो. पाटे जरासे दबले. दाजींनी नारळ फोडला आणि खोबरं वाटायला शेजारच्या टपरीवर गेले. मी खाली उतरलो... आणि गाडी वर आलीच नाही. उलट आणखी खाली जाऊ लागली. सावकाश, करकरत, चाकावरचा पत्रा टायरला टेकायला येईपर्यंत. हौदा रिकामा होता.

रफिकभाईंनीही ते पाहिलं. वाकून तपासलं. पाटा तुटलेला नव्हता, बोल्ट जागेवर होते. मी टायरच्या वर हात घालून अंतर बघायला गेलो, तर पत्रा झपकन माझ्या बोटांवर आला. कुणीतरी माझ्या हाताची वाट बघत थांबलं होतं, असंच मला वाटलं. कसाबसा हात ओढला. तेवढ्यात दाजी टपरीवरून वळले आणि गाडी आवाज न करता वर आली.

मी सगळं सांगितलं. दाजी हसले, रफिकभाईंना विचारलं. ते माझ्याकडे न बघता हात पुसत राहिले. "मैंने कुछ नहीं देखा. गाडी ले जाव यहाँ से. फिर मत लाव."

दाजींना वाटलं, मीच रफिकभाईंशी काही वाकडं बोललो असणार.

पुढे मी हट्टाने गाडी वजनकाट्यावर घ्यायला लावली. दाजी उतरले आणि पाठ करून पाणी प्यायला गेले. त्यांच्या मागे गाडी पुन्हा दबली. पाट्यांची कमान सपाट झाली, पण काट्यावर आकडा रिकाम्या गाडीचाच. पोलाद वाकत होतं आणि काट्याला काहीच लागत नव्हतं! मी हाक मारली, ते वळले – गाडी सरळ.

पुढच्या आठवड्यात भावकीतलं वऱ्हाड अजिंठ्याचा घाट चढवून न्यायचं आहे. हौद्यात बायकांबरोबर आक्का बसणार. घाटात पत्रा टायरवर टेकला तर... मी म्हणालो, दाजी, पाटे काढा, या गाडीत माणसं बसवू नका.

त्यांचा चेहराच बदलला. "लई शिकलास तू. दाजी पिकअप चालवतो म्हणून लाज वाटती व्हय? तसं सरळ सांग की. म्हणं गाडी बसती! मंग मला कसं नाय दिसत? माझ्या पाठीमागंच होतं व्हय सगळं?"

"व्हय दाजी," मी म्हणालो. "तुमच्या पाठीमागंच होतं."

ते गाडीत बसले आणि मला तिथेच रस्त्यावर सोडून निघून गेले. लांब जाता जाता गाडी मागून बसत गेलेली मी पाहिली.

माझी नखं अजून काळी आहेत. पाट्यांचं सगळं शास्त्र पुन्हा वाचून काढलं, उत्तर मिळालं नाही. दाजी फोन उचलत नाहीत, आक्कालाही उचलू देत नाहीत. शेवटी गावाकडच्या एका शेजाऱ्याच्या हाती पत्र पाठवलं. तेच इथं देतो.

ती. दाजींना सा. न.

तुमचा राग मी डोक्यावर घेतो. माझ्यावर ओरडायचा हक्क तुमचाच आहे. तुमच्या गाडीला मी नावं ठेवत नाही. लग्नाच्या सकाळी एवढंच करा. गाडी अंगणात रिकामी उभी करा. आक्काला ओट्यावरून तिच्याकडे बघायला सांगा आणि तुम्ही पाठ करून उभे राहा. आक्का सांगेपर्यंत वळू नका. काही झालं नाही असं ती म्हणाली, तर मी खोटा. तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही. पण गाडी बसली असं ती म्हणाली, तर दाजी, तिला त्या गाडीत बसवू नका.

तुमचा,
गजानन