ब्रेकचे दोन बोल्ट

आमची मोटरसायकल क्वार्टरच्या खाली उघड्यावर उभी असते. इंजिन चांगलं आहे, पण बोल्ट गंजून तांबडे झाले होते. यांच्या मनात आलं, सगळे स्टेनलेस स्टीलचे बसवू. मला म्हणाले, "तूही चल. स्टील तुला कळतं."

मला कळतं ते भांड्यांचं. बाजारात पातेलं घेताना मी पर्समधला लोहचुंबक लावून बघते. चिकटला तर पातेलं परत. आई असंच करायची. दिल्लीच्या करोल बागेतल्या बोल्टच्या दुकानात यांनी मला तेच करायला लावलं. सगळ्यांसमोर एकेक बोल्ट चुंबकाला लावताना माझी मान वर होत नव्हती. दुकानदार हसला. "आंटीजी, कढ़ाई नहीं, बोल्ट ले रही हैं आप!"

रविवारी यांनी काम काढलं. इंजिनाची झाकणं अॅल्युमिनियमची, त्यात स्टील अडकून बसू नये म्हणून प्रत्येक बोल्टला ग्रीस लावायचं, आधी बोटांनी फिरवायचा, मगच पाना लावायचा. काही बोल्ट लांब, काही आखूड. मी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवला. मग स्वयंपाकाला वर गेले. परत खाली आले तर गाडी लखलखत होती. शेजारचे भाऊसाहेब बघायला आले होते. हे त्यांना म्हणाले, "एक एक बदलला. ब्रेकचेसुद्धा."

दोन दिवसांनी मुलीची नोएडाला नोकरीची मुलाखत होती. हे तिला गाडीवर घेऊन निघाले. थोडे वॉशर कमी पडले होते, ते आणायला मी एकटीच मेट्रोने करोल बागेत गेले.

दुकानदाराने ओळखलं. "लग गए सब?"

"जी. ब्रेक के भी."

त्याचा हात थांबला. "ब्रेक में? आंटीजी, वहाँ नहीं लगाते. यह स्टील ज़ंग से बचाता है, पर कंपनी वाले जितना ज़ोर नहीं झेलता. गाड़ी चल तो नहीं रही?"

गाडी यमुनेच्या पुलावर असणार होती, मागे मुलगी बसलेली. मी बाहेर येऊन यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. गाडी चालवताना हे फोन घेत नाहीत, हे माहीत असूनही लावत राहिले. मग मुलीला लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला तेव्हा तिने उचलला.

"आई, काय गं? पोहोचलो. मी गेटवर आहे."

"बाबांना दे. आधी दे."

हे फोनवर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, "गाडी तिथेच ठेवा. मेट्रोने या."

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं, ब्रेकचे ते दोन बदललेच नाहीत."

"भाऊसाहेबांना तर म्हणालात..."

"निघेनात गं. पाना घसरायला लागला, डोकी गोल व्हायला लागली. मग खिडकीच्या ग्रिलचा चंदेरी रंग उरला होता ना, तो मारला."

मागून मुलीचा आवाज आला, "बाबा! पेंट मारला? सच में?" आणि ती खो खो हसायला लागली. हे तिला म्हणत होते, "हळू, लोक बघतायत. तुझी मुलाखत आहे."

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. रागवायचं होतं, पण हसूच येत होतं आणि डोळेही भरले होते. दुकानदार दारात येऊन उभा होता. एरवी अनोळखी माणसाशी मी चार शब्द बोलत नाही. त्या दिवशी आपण होऊन म्हणाले, "पुराने ही हैं, भैया. ऊपर से रंग मार दिया."

"वाह अंकल!" तो म्हणाला आणि मला पाणी दिलं.

पुढच्या रविवारी मेकॅनिकने ते दोन बोल्ट तापवून काढले आणि कंपनीचे नवे बसवले. हे शेजारी उकिडवे बसून बघत होते. भाऊसाहेबांनी वरून विचारलं, "आता काय बिघडलं?" यांनी माझ्याकडे पाहिलं. मग यांनीच रंगाचं सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी मी यांच्या मागे बसून मयूर विहारला नणंदेकडे गेले. उतारावर यांनी ब्रेक दाबला. गाडी सावकाश थांबली.