फिन्सची नवी पाती आणि पायरीचा गाळ

मंडळी, एका श्वासात खोल बुडी मारण्यासाठी पायात फिन्स घालतात. माझ्या जुन्या फिन्सच्या रबरी बुटांत आज सकाळी नवी पाती बसवायला घेतली. रबर घट्ट, म्हणून मी करडीचं तेल लावलं.

"तेल कशाला लावायलाव? गाडीचा आख हाय का तो?" बायको म्हणाली. "गरम पाणी अन् साबण घ्या की!"

मी ऐकलं नाही. आमच्या चुडावा गावच्या विहिरीत चार हात खाली गेलो आणि एक पातं सर्रकन निसटून वर तरंगलं. रिकाम्या मुठीनं वर आलो.

लहानपणी याच विहिरीत माझ्या दोस्तानं, मिलिंदनं, मला बुडी शिकवली. तळ गाठल्याचा पुरावा म्हणजे मूठभर गाळ. एकदा मी पाण्यातल्या पायरीवरचाच गाळ वर आणला.

"जितलास की गड्या!" म्हणत त्यानं मला खांद्यावर घेतलं. नंतर विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं. खरं सांगायचं राहून गेलं.

उद्या साबण लावून पाती बसवीन. तळाचा गाळही आणीन कदाचित. पण दाखवू कुणाला?

तुमच्यापैकी कुणाला मिलिंद भेटतो का? भेटला तर सांगा, तो गाळ पायरीवरचा होता.